आठवा प्रश्न

जत्रेचं नाटक मध्यरात्र उलटल्यावर रंगात येतं. त्या वेळी मंडपात कोण कुठे बसलंय, हे एकदा नीट बघावं. साठीच्या पुढचे पुरुष मधल्या रांगांत दिसत नाहीत. एकेकाळी हेच लोक दिवेलागणीलाच चटई टाकून पुढची जागा अडवायचे. नाटकातली पदं नटाच्या आधी त्यांच्या ओठांवर यायची. आता ते कडेची, अंधाराजवळची खुर्ची धरतात. एका अंकात दोनदा उठतात, माडांच्या आड जातात, बराच वेळ लावतात आणि परत येऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसतात. पुढच्या वर्षी जेवून थोडा वेळ डोकावून जातात. त्याच्या पुढच्या वर्षी येतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, आता जागरण सोसत नाही.

जागरण त्यांचं घरी चालूच असतं. रात्रीत चार-पाच वेळा लघवीला उठणाऱ्या माणसाची झोप केव्हाच मोडलेली असते.

माझे वडील त्यांतलेच. डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलं शिकवली, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला, आणि श्रावणात वास्कोच्या सप्ताहाला जाणं कधी चुकवलं नाही. दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड भजन चालतं, मंडळं पाळीपाळीने गातात. पखवाजावर बसलेल्या माणसाला अभंग अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. बाबांनी पखवाज सोडला तेव्हा बोटं आखडतात असं कारण दिलं. मंडळाने दुसरा वाजवणारा शोधला. बोटांना काहीही झालेलं नव्हतं.

घरातल्या बायकांना मात्र पत्ता लागलेला असतो. आई रात्री मोरीचा दिवा किती वेळा लागतो ते अंथरुणातून बघायची. दिवा लागला की बराच वेळ काही आवाज नाही, मग तुटक धार, मग पुन्हा शांत, मग थेंब. पणजीला जायचं असलं की बाबा सकाळपासून पाणी पीत नसत. कदंबच्या बसमध्ये चढण्याआधी स्टँडवर जाऊन यायचे, उतरल्याबरोबर पुन्हा. लग्नात दाराजवळची जागा. फिकट पँटी कपाटात मागे गेल्या आणि गडद रंगाच्या पुढे आल्या. आईने एकदा विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं, "वय झालं की सगळ्यांचं असंच होतं." तिथे विषय संपला, कारण पुढे काय बोलायचं हे तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. बायकांचं पाळीपासून बाळंतपणापर्यंतचं सगळं चार बायकांत बोललं जातं. पुरुषाच्या ओटीपोटाखाली काय चाललंय हे तो मित्राला सांगत नाही, बायकोलाही सांगत नाही, आणि डॉक्टरकडे गेला तर रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेऊन परत येतो.

"वय झालं" हे खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचं वजन साधारण वीस ग्रॅम असतं. चाळिशीनंतर तिचा आतला, नळीलगतचा भाग वाढायला लागतो. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, पंच्याऐंशीच्या पुढे दहातल्या नऊ जणांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. ग्रंथी किती मोठी झाली यावर त्रास ठरतो असंही नाही. कुणाची मोठी होऊनही धार चांगली असते, कुणाची जराशीच वाढते पण नेमकी वाटेत येते.

वाट अडली की आधी मूत्राशय जोर लावतं. त्याच्या भिंतीचा स्नायू जाड होतो, थोडी लघवी साठली तरी आकसायला बघतो, त्यामुळे घाई होते, वारंवार जावं लागतं. बरीच वर्षं हा स्नायू निभावून नेतो आणि मग थकतो. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, आत साठून राहते, तिच्यात जंतू वाढतात, कधी खडे धरतात. दाब वर मूत्रपिंडांपर्यंत गेला तर ती फुगतात. हे पुष्कळदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही.

आमच्या वाड्यावरचे एक आजोबा रात्री अंथरूण ओलं करायला लागले. घरच्यांनी मायेने डायपर आणले, गादीवर प्लास्टिक घातलं, म्हातारपण म्हणून सगळं सोसलं. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, भरमसाट वाढलेलं निघालं. त्यांचं मूत्राशय इतकं तुडुंब भरलेलं होतं की वरची लघवी आपोआप सांडत होती. ताबा सुटल्यासारखं दिसत होतं, प्रत्यक्षात बाहेर पडायची वाटच बंद होती. लघवीच्या वाटेने रबरी नळी घातल्यावर अंथरूण कोरडं राहिलं, मूत्रपिंडं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. वयस्क पुरुष झोपेत ओला व्हायला लागला तर डायपर आणायच्या आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. सोनोग्राफीवाल्याला लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा बघायला सांगावं, आत किती उरली ते कळतं.

बाबांचं गाडं चतुर्थीत अडलं. पावसात भिजून सर्दी झाली होती. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, पाहुण्यांचं बघायचं, म्हणून त्यांनी दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतली. अशा गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि शिंका थांबवणारं औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर एवढं निमित्त पुरतं. दुपारची आरती झाली, पंगत बसली आणि बाबा पानावरून उठून गेले. संध्याकाळपर्यंत एक थेंब नाही. घाम, थरथर, बेंबीपर्यंत टणक झालेलं पोट. शाळेत कधी आवाज न चढवलेला माणूस भिंतीला डोकं टेकून कण्हत होता. १०८ ला फोन केला.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने जेलीने नळी सरकवली आणि पिशवीत लिटरभर लघवी आली. साधारणपणे मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. बाबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी कधी विसरणार नाही. या नळीला सगळे फोली म्हणतात. फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरने १९३० च्या दशकात ती तयार केली. टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो आत गेल्यावर पाण्याने भरतात, म्हणून नळी निसटत नाही. इतकी साधी वस्तू. तिच्याआधीच्या काळात काय होत असेल? आमच्या घरात सांगतात की पणजोबा लघवी कोंडून गेले. पोर्तुगीज अमदानी होती. पणजीत १८४२ सालीच वैद्यकीय शाळा सुरू झालेली, आजच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, मूळ तीच. पण डिचोलीहून होडीने मांडवी उतरून तिथे पोचेपर्यंत माणसात काही उरलं नव्हतं. मला वाटतं, बाबा त्या संध्याकाळी दुखण्यापेक्षा त्या आठवणीनेच जास्त घाबरले असावेत.

नळीसकट घरी आल्यावर युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे, जाणं सुरू झालं, आणि तिथे मला एक कागद दिसला. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

तो एक छापील तक्ता. १९९२ साली अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेला, आता जगभर वापरतात. गेल्या महिन्याभरात लघवी पूर्ण झाली नाही असं किती वेळा वाटलं? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का? धार मध्येच तुटली का? लघवी रोखून धरणं कठीण गेलं का? धार बारीक होती का? कुंथावं लागलं का? रात्री किती वेळा उठलात? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत बेरीज आली तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. हे सात प्रश्न शरीराचे. नळी बसायच्या आधीचा महिना आठवून लिहा, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी शाळेत पेपर तपासावेत तसे गुण मांडले. बेरीज सव्वीस.

खाली आठवा प्रश्न होता आणि त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत. तुमचा लघवीचा त्रास आहे तसाच राहिला आणि उरलेलं आयुष्य त्याच्यासोबत काढावं लागलं, तर तुम्हाला कसं वाटेल? उत्तरं आनंदापासून असह्यपर्यंत. बाबांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर गप्प राहिले, त्यांनी घाई केली नाही. मग बाबा हळूहळू बोलायला लागले. पखवाज का सोडला, पंढरपूरला जाणाऱ्या गाडीत नाव घालून ऐनवेळी का काढलं, बहिणीच्या घरी मडगावला मुक्काम करायचं का टाळतात. आई शेजारी बसून ऐकत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात यातलं पुष्कळ ती पहिल्यांदा ऐकत होती.

मला त्या प्रश्नाचं मोल फार वाटतं. बाकी सगळ्या तपासण्या अडथळा किती हे सांगतात. माणसाने त्या अडथळ्यापायी काय काय सोडून दिलं, हे एकटा हाच प्रश्न विचारतो. आणि तो विचारायला यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. आपल्या घरांत तो कुणी विचारत नाही, एवढंच.

तपासण्या तशा अवघड नाहीत. गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात, या तपासणीला पुरुष सगळ्यांत जास्त भितात आणि ती मिनिटभरात संपते. ग्रंथी मऊ आहे की कुठे दगडासारखी गाठ आहे, हे त्या बोटाला कळतं. नळी नसलेल्या माणसाला एका यंत्राच्या भांड्यात लघवी करायला सांगतात आणि धारेचा आलेख निघतो. सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर वेग असेल तर ठीक, दहाच्या खाली गेला तर बहुतेक अडथळा. मात्र त्यासाठी निदान दीडशे मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणून बाहेर बाकावर माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली असतात. रक्तात साखर, क्रिएटिनिन, आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन, जे कर्करोगात वाढू शकतं.

साखरेचं गोव्यात विशेष. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. मधुमेहाने लघवी जास्त होते, आणि तो जुना झाला की मूत्राशयाच्या नसाही मंद होतात. रात्री उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असं धरून चालत नाही. हृदय कमजोर असेल, पायांवर सूज येत असेल, घोरणं फार असेल, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तरी माणूस रात्री उठतो. हे ओळखायला एक अगदी घरगुती तपासणी आहे. प्लास्टिकचा मापाचा मग आणि वही. तीन दिवस, दर वेळी किती वाजता आणि किती मिलिलिटर ते लिहायचं. बाबांची नळी गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांनी काढून बघितली, तेव्हा त्यांना ही वही लावली होती. मोरीच्या खिडकीत, दोरी बांधलेल्या पेन्सिलीसकट. पट्टीने आखलेले रकाने, वेळ, प्रमाण, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ९०, कुंथून. ६०, थेंब थेंब. ११०, जळजळ. पहाटे तीनची नोंद त्यांच्या सुंदर अक्षरातच होती, फक्त जरा तिरकी गेलेली.

वहीवरून दिसलं की दर वेळी थोडीच लघवी होत होती, म्हणजे आत पुष्कळ उरत असावं. गोळ्यांनी अनेकांचं भागतं. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करतात, काही दिवसांतच फरक दिसतो, सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते म्हणून रात्री घेतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी घेता हे डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगावं लागतं, कारण तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि त्यांना वेगळी तयारी करावी लागते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या दुसऱ्या जातीच्या गोळ्या ग्रंथी आक्रसवतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो. त्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो. तो कमी झालेला बघून खूश होण्याआधी दुप्पट करून वाचायचा असतो.

बाबांचा पीएसए वाढलेला आला आणि घर हादरलं. डॉक्टरांनी समजावलं. लघवी तुंबली, नळी घातली, जंतूंचा संसर्ग झाला, यातल्या कशानेही हा आकडा चढतो, काही आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा बघू. नंतर तो उतरला. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो, लघवीच्या वाटेपासून दूर, म्हणून सुरुवातीला त्याचं लक्षणच नसतं. पीएसए चढत राहिला किंवा बोटाला गाठ लागली, तर एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं. कमी धोक्याचा निघाला तर तो कापायची घाई न करता नियमित तपासत राहणं हाही आता रुजलेला उपचार आहे. उशीर झाला तर तो हाडांत जातो. ओळखीतले एक गृहस्थ कमरेला तेल लावून शेक घेत राहिले, महिनोन्‌महिने. त्यांच्याही बाबतीत उपाय संपले नव्हते. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की पुरुषी संप्रेरक बंद केलं की हा रोग मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं, आणि आजही पसरलेल्या रोगावर उपचाराचा पाया तोच आहे. त्या गृहस्थांनी पुढे चांगली वर्षं काढली. पण ते आधी आले असते तर, हे त्यांच्या मुलाच्या मनातून जात नाही.

बाबांचं गोळ्यांवर भागलं नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आईला आणि बाबांना एकत्र आत बोलावलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. ते योग्यच होतं. आईने मला नंतर सांगितलं. ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, बहुतेकांच्या बाबतीत हे होतंच, त्याने अपाय होत नाही, ताठरता बहुधा टिकते, तरी हे आधी दोघांनाही माहीत असायला हवं. बाबा सत्तरीचे. डॉक्टरांनी त्यांचं वय बघून हा भाग गाळला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. म्हाताऱ्याला काय करायचंय, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना सांगून ठेवलं आहे की न केली तर मृत्यू निश्चित, केली तरी शंका, म्हणून आधी विचारून, परवानगी घेऊन मगच हात घालावा. इतक्या जुन्या काळी हे समजलेलं होतं. संमतीचा कागद नर्सने घाईघाईत पुढे सरकवायचा नसतो.

पाठीच्या मणक्यात भूल देतात, कमरेखाली बधिर होतं, माणूस जागा असतो. पोटावर कुठेही चिरा नाही. मूत्रमार्गातूनच दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाशी तारेचं कडं असतं, विजेवर तापणारं. १९२६ साली मॅक्स स्टर्न यांनी अशा दुर्बिणीला रेसेक्टोस्कोप हे नाव दिलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. वाढलेल्या ग्रंथीचे पातळ काप काढत वाट मोकळी करायची, रक्त येतंय तिथे तारेनेच डाग द्यायचा, आणि सगळा वेळ आत पाणी सोडत राहायचं म्हणजे दिसत राहतं. पूर्वी त्यासाठी ग्लायसिनचं द्रावण वापरत. ते फार वेळ रक्तात शोषलं गेलं तर सोडियम उतरून माणूस गोंधळायचा, म्हणून घड्याळ लावून काम चाले. आता नव्या यंत्रांत सलाइन वापरतात आणि ती धास्ती गेली. ग्रंथी फार मोठी असेल तर पूर्वी पोट उघडावं लागे. आता होल्मियम लेसरने ती आतल्या आत सोलून काढतात, बारीक करून शोषून घेतात. बाबांची मध्यम होती, तारेवरच भागलं. तासाभरात बाहेर.

मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्यानंतरची रात्र. तीन तोंडांची नळी, वरून सलाइनच्या मोठ्या पिशव्या, खाली पिशवीत उतरणारं पाणी. नर्सने सांगून ठेवलं होतं, कोकम सरबताचा रंग असला तर काळजी नाही, त्याहून गडद झाला किंवा धार थांबली तर लगेच बोलवा. मी आणि भाऊ पाळीपाळीने तो रंग बघत बसलो. एकदा रक्ताची गुठळी अडकली, बाबा तळमळायला लागले, नर्सने मोठ्या सिरिंजने पाणी मारून ती ओढून काढली आणि धार पुन्हा सुरू झाली. पहाटेपर्यंत रंग फिका होत गेला. दोन-तीन दिवसांनी नळी काढली. पहिली लघवी जळजळत आली, पण सलग आली. बाबा आतून बाहेर आले आणि आईला म्हणाले, "ऐकलंस?" तिने ऐकलं होतं.

घरी आल्यावर काही आठवडे वजन उचलायचं नाही, स्कूटर नाही, पोट साफ राहायला हवं, कुंथायचं नाही. पंधरवड्याने आतल्या खपल्या सुटतात तेव्हा एकदा लघवी लाल होऊ शकते, हे सांगितलेलं असूनही ती झाली तेव्हा आम्ही घाबरलो. भरपूर पाणी पाजलं, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. काढलेले काप पॅथॉलॉजीला गेले होते. तो अहवाल आणायला विसरायचं नाही, चांगला असला तरी. आणि ऑपरेशन झालं म्हणजे प्रोस्टेट संपूर्ण गेली असं नाही. बाहेरचं कवच राहतं, म्हणून पीएसए वर्षातून एकदा डॉक्टर सांगतील तसा करायचाच.

खर्चाचा प्रश्न येतो. गोमेकॉत बांबोळीला युरोलॉजीचा विभाग आहे. २०१६ पासून राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबांना तिचं कार्ड मिळतं. कार्डाचं नूतनीकरण झालंय का, हे दुखणं यायच्या आधी बघून ठेवावं.

पुरुषांच्या गप्प बसण्याची दुसरी तऱ्हा तरुणांत दिसते. माझा चुलतभाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. उन्हात दिवसभर गाडीत, रांगेतून बाहेर पडलं तर खेप जाते, म्हणून पाणी कमी आणि लघवी दाबून. पस्तिशीत मुतखडा. पाठीतून जांघेत उतरणाऱ्या त्या कळेने धडधाकट गडी जमिनीवर लोळतात. खडा नळीत अडकला होता, दुर्बिणीतून लेसरने फोडून काढला आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवली. ती ठरल्या मुदतीत काढायची असते. त्याला बरं वाटलं, तो कामावर गेला, कागद गाडीच्या कप्प्यात. ही नळी महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावरच खडे चढतात आणि काढणं जिकिरीचं होतं. त्याच्या बायकोने कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली होती, म्हणून निभावलं.

आता आमच्या सोप्यावर संध्याकाळी भजनी मंडळातली माणसं येतात. आधी हवापाण्याच्या गप्पा होतात, मग आई चहा ठेवायला आत गेली की आवाज उतरतो. बाबा त्यांना सगळं सांगतात, न लाजता, शाळेत शिकवावं तसं. धार कशी, रात्री किती वेळा, नळी काढताना काय वाटतं, नंतर संबंधांचं काय होतं. त्यांनी त्या तक्त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. पहिले सात प्रश्न समोरचा भराभर सोडवतो. आठव्याला बाबा त्याला सांगतात, हा घरी जाऊन बायकोबरोबर बसून लिही.

त्यांतल्या काहींना गोळ्यांवर आराम पडलाय. एकाचं लेसरचं ऑपरेशन झालं, तो परवा सप्ताहाला जाऊन आला. हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांचा पीएसए दोनदा चढता आला आहे, एमआरआयची तारीख मिळाली आहे, आणि ते जायला तयार नाहीत. बाबांचं ऐकत नाहीत. त्यांच्या बायकोने काल मला फोन केला. त्या दिवशी माझी सुट्टी आहे, गाडी मीच काढणार आहे.